अर्धा काठ

सूक्ष्मजीवशास्त्र. घट्ट.

सुई आत जात नाहीये.

पडद्यावर जांभळे जंतू आहेत, बाई त्यांची नावं सांगतायत, ह्याच नावांवर सोमवारी चाचणी आहे, आणि माझी सुई आत जात नाहीये. एका टाक्यातून सात फास ओढून घ्यायचे. परतीच्या ओळीत ते सातही एकाच उलट टाक्यात बांधायचे. की झालं बोंड. आमच्या गावच्या, हापसालूच्या, जाळीच्या शालींवर अशी कितीतरी बोंडं असतात, न उमललेल्या कळ्यांसारखी. अवघड काही नाही, शाळकरी पोरी करतात. फक्त जाताना फास सैल सोडायचे. जाताना हात आवळला तर येताना सुईला शिरायला जागा उरत नाही, ती नुसती टोचत बसते.

उसव.

"परत?" हेल्बे कुजबुजते. हेल्बे माझ्या खोलीत राहते, माझ्याच वर्गात आहे, आणि माझ्या वाटणीचं लिहूनही तीच घेते. "अगं, लोकर म्हातारी झाली तुझ्या हातात."

"तू नावं लिहून घे."

"घेतेय ना. परीक्षेलाही मीच बसते. तू आपली कळ्या खुडत बस."

पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून बघते. मी सुया मांडीवर ठेवते. लगेच माझा उजवा पाय हलायला लागतो. पायाबरोबर बाक हलतो. बाकाबरोबर हेल्बेचं पेन हलतं.

"विण बाई, विण," हेल्बे म्हणते.

*

पायाबद्दल.

लहानपणापासून हलतो. एनेली वर्गात लक्ष देत नाही, असं शाळेतल्या बाई सांगायच्या. मी लक्ष देत होते, पाय देत नव्हता. आस्ता आत्याने, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीने, ते ऐकलं आणि माझ्या हातात दोन सुया दिल्या. पायातलं जे काही होतं ते हातात आलं, आणि कान मोकळे झाले.

तार्तूला डॉक्टरकी शिकायला आल्यापासून अर्धं वसतिगृह माझे हातमोजे घालून फिरतंय. मेसच्या रांगेत विणते. बसमध्ये विणते. शवविच्छेदनाचा तास संपला की हात तीनदा धुते आणि पुढचा तास सुरू होईपर्यंत विणते. आई म्हणते, हा छंद नाही, खाज आहे.

असेल. पण हातमोजा बिघडला तर कुणाचं काही जात नाही. हा काठ बिघडला तर आत्याचं जाणार आहे.

*

फेब्रुवारी. आत्याचं स्वयंपाकघर. बाहेर समुद्र गोठलेला, आत कॉफी.

"रुतीच्या शालीचा अर्धा काठ राहिलाय," आत्या म्हणाली. "तो तू कर."

रुती माझी मोठी बहीण. जूनमध्ये तिचं लग्न. आमच्या घरातली प्रत्येक नवरी आत्याची शाल खांद्यावर टाकूनच घराबाहेर पडते. शालीचा मधला चौकोन आधी होतो. काठ वेगळा विणायचा, दोन अर्ध्यांत, लांबच्या लांब ओळी घालून, आणि मग चौकोनाला टाक्याला टाका जुळवून शिवायचा. चौकोन गेल्या उन्हाळ्यातच झाला होता. हिवाळ्यापर्यंत एक अर्धा काठही झाला होता.

"मी करू?"

"का, हात नाहीत?"

"आत्या, तुझ्या शालीला माझा काठ? लाइनेने बघितलं म्हणजे?"

"म्हणून तर तुला सांगतेय. लाइनेला सांगितलं असतं तर हसत हसत केला असता आणि मग सगळं गाव हिंडली असती, आस्ताचं आता होत नाही म्हणून."

लाइने आणि आत्या दर गुरुवारी वाचनालयात विणायला बसतात. दहाबारा जणी असतात. त्या शाल उजेडात धरतात आणि ती कुणाची ते सांगतात. नाव लावलेलं नसतं, लागत नाही. प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचा घट्ट, एकीचा सैल, एकीचं बोंड डावीकडे झुकतं. आत्याचा हात त्या सगळ्यांत सैल आणि सगळ्यांत एकसारखा. तिच्या शालीवर दुसरा हात दिसला, तर लाइनेला लग्नाचं जेवणही गोड लागेल.

"ती नवरी बघायला येतच नाही," आत्या म्हणाली. "शाल बघायला येते."

"मग तूच का नाही करत?"

"मनगट लचकलंय. बर्फावर घसरले."

"बघू?"

"काय बघू? तीन वर्षं धड झाली नाहीत, लागली नाडी बघायला." तिचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. तो तिथेच राहिला. डाव्या हाताने तिने कपाटातून एक जुनी शाल काढली, आईच्या लग्नातली. "हा काठ बघ. हा माझा हात. असाच आला पाहिजे. लाइनेला शोधूनही सापडता कामा नये, कुठे मी थांबले आणि कुठे तू सुरू केलंस."

"नवा अर्धा दाखव ना. त्याच्यावरूनच करते."

"तो गुंडाळून ठेवलाय. ह्याच्यावरूनच कर."

"पण आत्या—"

"पाव खा. वाळली आहेस."

*

मार्च. जुन्या काठाचा नमुना, म्हणजे आईची शाल, पिशवीत. माझा काठ त्याच्याशेजारी ठेवून बघायचा.

विकृतिशास्त्र. घट्ट. साहजिक आहे, तिथे अचानक प्रश्न विचारतात.

मेसमध्ये, हेल्बेसमोर. ठीक, पण बोंडं एक लहान एक मोठं. हेल्बे हसवते.

बसमध्ये घट्ट. रुतीशी फोनवर बोलताना फार घट्ट. ("फुलं पांढरी की पिवळी? एनेली? ऐकतेयस ना?") आईशी फोनवर

उसव.

रुग्णालयात, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर, आत कुणीतरी खोकतंय, मी आत जाऊन त्याची माहिती विचारायची आहे, पहिल्यांदाच एकटीने, काय विचारायचं ते पाठ केलंय, पाठ केलेलं सगळं विसर

उसव.

माझा हात माझ्या ताब्यात नाही. मनात जे चालतं ते सरळ लोकरीत उतरतं. आत्याच्या काठावर काहीच उतरलेलं नाही. ज्या वर्षी तो विणला त्या वर्षी तिचा नवरा वारला होता, हे मला ठाऊक आहे. काठाला ठाऊक नाही.

*

औषधशास्त्र. आणि इथे

थांबा. इथे सैल.

मी नमुना काढून शेजारी ठेवते. बोंडाशेजारी बोंड. तेच. मी पुन्हा बघते. तेच!

डॉ. सोस्टार औषधशास्त्र शिकवतात. शिकवतात म्हणजे पाळणा हलवतात. त्यांचा आवाज चढत नाही, उतरत नाही, कशाची घाई करत नाही. सगळा वर्ग पेंगतो. माझे कान उघडे असतात, पाय जागेवर असतो आणि हात आपोआप मोकळे होतात. मी सातव्या, आठव्या, कितव्यातरी बोंडावर असते आणि सर म्हणतात:

"तिसऱ्या रांगेतल्या बाई. नाव काय तुमचं?"

"एनेली."

"एनेली, तुमच्या सुयांचा आवाज होतो. टिक, टिक, टिक. मला घड्याळ वाटतं आणि मी घाई करतो."

"मग वाजू द्या की, सर!" मागून कुणीतरी. हशा. जे झोपले होते ते जागे होऊन हसतात.

"मी आत्ता काय सांगत होतो?"

मी उभी राहते. काठ हातातून लोंबतो. दम्याच्या रोग्याला हृदयाची कोणती औषधं द्यायची नाहीत आणि का नाहीत, ते सांगते. त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच संथपणे. ते मान हलवतात. मग त्याऐवजी काय द्यायचं, ते विचारतात. मी चुकते.

"अर्धं बरोबर," सर म्हणतात. "लाकडी सुया मिळत नाहीत का?"

"मिळतात."

"मग त्या आणा. आणि उरलेल्या अर्ध्यासाठी प्रकरण वाचा."

बाहेर पडताना हेल्बे माझा दंड धरते. "सर भाळले तुझ्यावर."

"सरांना स्वतःच्या आवाजाने झोप येते. टिकटिकीने जाग येत होती, म्हणून चिडले."

*

औषधशास्त्राचे तास आठवड्यातून दोनच. काठाच्या ओळी लांब. लग्न जूनमध्ये.

मी सरांचा तास फोनवर ध्वनिमुद्रित करते आणि खोलीत लावते.

"नाही," हेल्बे म्हणते. "ह्या माणसाला खोलीत आणलंस तर मी खोली सोडीन."

"एक तास फक्त."

"काल पण एक तासच होता. मला स्वप्नात मूत्रपिंड दिसलं, एनेली. बोलत होतं. ह्याच आवाजात."

"कानात घालते."

"घाल. आणि सूक्ष्मजीव?"

सूक्ष्मजीवांच्या चाचणीत मी नापास झाले आहे. औषधशास्त्रात वर्गात दुसरी. हेल्बे हे भिंतीवर लिहून लावणार आहे म्हणे.

आत्याचे फोन येतात. आधी लांब होते, मांजर, शेजारी, वितळणारा बर्फ, माझे झोपाळू सर. आता छोटे.

"झालं?"

"चाललंय."

"सैल?"

"सैल. तुझ्यासारखं."

"हं."

फोन ठेवते. दुसऱ्या दिवशी परत. "झालं?"

"आत्या, मनगट कसं आहे?"

"कुठलं मनगट? हां. बरंय."

*

मे. हापसालू. माझा अर्धा काठ पिशवीतून निघतो.

आत्या तो खिडकीशी नेते, उजेडात धरते. मग खुर्चीत बसते. बसताना टेबलाचा आधार घेते.

"आत्या?"

"लाइने फसेल," ती म्हणते. "चल, शिवायला घे. मी सांगते तसं."

तिचा अर्धा काठ ती आता काढते, आतल्या खोलीतून, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. न धुतलेली जाळी म्हणजे चोळामोळा झालेलं फडकं असतं, त्यात काही दिसत नाही. मी शिवते. टाक्याला टाका. कोपऱ्याशी काठ थोडा जास्त घालायचा, नाहीतर तिथे ताण येतो. आत्या शेजारी बसून "घाल अजून" म्हणते, "तिथे नको, इथे," म्हणते, आणि तिचा हात पुढे येत नाही. कधीच ती असं बघत बसलेली नाही. पूर्वी माझ्या हातातून सुई ओढून घ्यायची.

कोमट पाण्यात साबण. दोनदा स्वच्छ पाणी. टॉवेलमध्ये दाबायचं, पिळायचं नाही. मग व्हरांड्यात चौकट. लाकडी चौकट, चारी बाजूंना खिळे. ओल्या शालीच्या काठाचं एकेक टोक एकेका खिळ्यात अडकवत ताणत जायचं. ताणलं की फडक्याची शाल होते. पानं उघडतात, कळ्या उभ्या राहतात. हे मला शवविच्छेदनापेक्षा जास्त आवडतं, कुणाला सांगत नाही.

माझा अर्धा आधी लावते. सगळी टोकं खिळ्यांवर येतात, एका रेषेत.

आत्याचा अर्धा. पहिली टोकं येतात. पुढचं थोडं कमी पडतं. त्याच्या पुढचं अजून कमी. मग खिळ्यापर्यंत पोचतच नाही.

चुकलं. माझं चुकलं! माझा काठ फार सैल झाला, आत्याच्या काठाला खेचतोय, सगळं कोपऱ्यावरून उलगडून, नाही, कोपऱ्यावर कमी घातलं मी, तिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, लग्नाला आता

"खेच," आत्या म्हणते.

मी खेचते.

"अजून."

"तुटेल."

"लोकर आहे ती. खेच गं!"

मी खेचते. जाळीचा एक धागा ताणून केसासारखा बारीक होतो. मी सोडते. पिशवीतून नमुना काढते, आईच्या शालीचा. माझ्या काठावर ठेवते. तेच. आत्याच्या काठावर ठेवते.

तेच नाही.

*

आता हळू.

काठ उजवीकडून सुरू होतो. पहिलं बोंड भरलेलं, गोल, आत्याचं. दुसरं तसंच. पाचवं जरा लहान. दहावं वाटाण्याचं मसूर झालेलं. त्याच्यापुढे नुसत्या गाठी, सुई कशी शिरली असेल देव जाणे. आणि मग एकदम पुन्हा एक मोठं बोंड. भरलेलं, गोल. पुन्हा लहान, लहान, गाठ. पुन्हा मोठं.

मोठं बोंड म्हणजे ती तिथे उठली होती. चहा घेतला असेल, मांजराला बाहेर सोडलं असेल, येऊन बसली. पहिला टाका नीट. मग हात स्वतःहून आखडत गेला. ती थांबली. पुन्हा बसली.

वरची ओळ बघते. तेच. त्याच्या वरची. तेच.

मनगट लचकलं की माणूस वेडंवाकडं विणतो. म्हातारपणी डोळे गेले की टाके गळतात. हे वेडंवाकडं नाही. एकही टाका गळलेला नाही. सगळं बरोबर आहे, फक्त लहान होत जातं.

आमच्या चेतासंस्थेच्या पुस्तकात एक चित्र आहे. कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलंय. पहिला शब्द मोठा, शेवटचा मुंगीएवढा.

मी बोलायचं नाही असं ठरवू शकते. हा अर्धा काठ उसवून मी नवा विणू शकते, सरांचा आवाज कानात घालून, परीक्षेच्या दिवसांत, होईल कसातरी. कुणाला कळणार नाही. लाइने फसेल. आत्या गुरुवारी वाचनालयात जाईल, मनगट म्हणेल. पुढच्या वर्षीही मनगट म्हणेल.

माझा पाय हलायला लागलाय. व्हरांड्याची फळी वाजतेय.

"पाय बंद कर," आत्या म्हणते.

"तू बर्फावर घसरली नव्हतीस."

"ओढून बसेल ते. उद्यापर्यंत वाळू दे, मग बघ."

"आत्या."

"मला वाटलं होतं, ताणल्यावर जाईल." ती चौकटीकडे बघत नाही, कुंपणाकडे बघते. "विणताना दिसत नाही ना. हाताला कळतं, पण दिसत नाही."

"कधीपासून?"

"अर्ज नाही भरायचाय मला. गेल्या शरदापासून."

"सही कशी करतेस?"

ती वळते. "सहीचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"बँकेतली मुलगी म्हणाली, आजी, जरा मोठी करा. मी मोठीच करते! करायला घेते मोठी."

मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसते. "हात दे. अंगठा आणि हे बोट. पूर्ण उघडायचं आणि आपटायचं, भराभर. थांबायचं नाही."

"हा काय पोरखेळ?"

"कर ना."

डावा हात करतो. टप टप टप टप, चिमणीच्या चोचीसारखा. उजवा हात एप्रनच्या खिशातून निघतो. पहिल्यांदा पूर्ण उघडतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग चोच लहान होत जाते, लहान, आणि बोटं एकमेकांवर नुसती टेकून थांबतात. आत्या स्वतःच्या हाताकडे बघते, जसं कुणी दुसऱ्याच्या विणलेल्याकडे बघतं.

"बोल," ती म्हणते.

"मी तिसऱ्या वर्षाला आहे. मला नाही सांगता यायचं."

"मग बोटं आपटायला लावलीस कशाला? बोल म्हटलं ना."

"पार्किन्सन असू शकतं. नसूही शकतं. दाखवायला हवं."

"माझा हात थरथरत नाही. शेजारच्या ऑस्करचा थरथरायचा. चमच्यातलं सूप अंगावर. मी तशी नाहीये."

"सगळ्यांचा थरथरत नाही."

"मला शिकवू नकोस." ती उठते. आत जाते. भांडी वाजतात. कॉफीचं भांडं शेगडीवर आदळतं. तिथूनच ओरडते, "तीन वर्षं! तीन वर्षांत एवढंच शिकवलं? म्हाताऱ्या बायकांना टपटप करायला लावायचं?"

माझा पाय गप्प नाही.

"आणि औषध आहे का त्याच्यावर?"

"आहे."

"बरं होतं?"

"बरं नाही होत. पण हात चालतो. बरीच वर्षं चालतो पुष्कळ जणांचा." हे सगळं मला सोस्टार सरांच्या आवाजात ऐकू येतंय, आणि मी मुद्दाम तसंच सावकाश सांगते.

कॉफी उतू जाते. वास येतो. ती बाहेर येते तेव्हा हातात कॉफी नाही, कात्री आहे. डाव्या हातात.

"आत्या, काय करतेस?"

"डॉक्टरला काय दाखवायचं? बोटं?"

"बोटं बघतीलच ते."

"डॉक्टरसमोर बोटं शहाण्यासारखी वागतील. मला माहितेय माझी बोटं. दहा मिनिटं नीट वागतील, आणि तो म्हणेल, आजी, वय झालं." ती चौकटीवर वाकते आणि मी शिवलेला पहिला टाका कापते. मग पुढचा. "हा घेऊन जायचा त्याच्याकडे. ह्याला खोटं बोलता येत नाही."

"आणि रुतीची शाल?"

"तिचा दुसरा अर्धाही तूच कर. तुझ्या त्या झोपाळू मास्तरला घेऊन बस."

"मग लाइनेला सगळा एकच हात दिसेल. तुझाच. कळणारही नाही कुणाला."

आत्या कापायची थांबते. रस्त्यावरून सायकल जाते.

"मी सांगेन तिला," ती म्हणते. "गुरुवारी. मधलं माझं, काठ एनेलीचा. उजेडात धरून दाखवीन आणि म्हणेन, ओळख बघू." मग पुन्हा कात्री. "पकड ना हे टोक, नुसती काय बसलीयस. जमिनीला लागतंय."

*

जून. तार्तू. परीक्षा, परीक्षा, परीक्षा.

सूक्ष्मजीवांची फेरपरीक्षा आत्ताच झाली. एक प्रश्न सोडला. धावत आले. आत्या सकाळच्या बसने आलीय, चर्चला जायचा कोट घातलाय, मांडीवर टॉवेलची गुंडाळी. आम्ही रुग्णालयाच्या लांब कॉरिडॉरमध्ये बसलोय. ह्याच कॉरिडॉरमधून मी रोज पांढरा कोट घालून जाते. आज कोट नाही, त्यामुळे परिचारिका मला ओळखत नाहीत.

"पास होशील?"

"माहीत नाही."

"खाल्लंस काही?"

"नाही."

ती पर्समधून दह्याच्या गोड वडीचं पाकीट काढते. बोटांनी फाडायला जाते. फाटत नाही. मी हात पुढे करत नाही. तिला वेळ लागतो. फाटतं.

"लाइनेला सांगितलंस?" मी विचारते.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. मग म्हणाली, तिच्या दिराला तार्तूचा हाच डॉक्टर बघायचा, चांगला आहे. मग म्हणाली, काठ छान आहे." आत्या नाक मुरडते. "मला तिचं ते काही नाही म्हणणं जास्त झोंबलं."

नाव पुकारतात. मी उठते.

"तू बस. आत दोन डॉक्टर नकोत."

दार लागतं. नीट लागत नाही, फटीतून आवाज येतात. मी पिशवीतून नवा काठ काढते. शेवटून चौथी ओळ. सरांचा आवाज कानात घालावा तर आतलं ऐकू येणार नाही. नको. आत खुर्ची सरकते. आत कुणीतरी टप टप म्हणतं. आत आत्या म्हणते, हे जाऊ द्या, हे बघा. एक टाका. सात फास. घट्ट. उसव. सात फास. आत शांतता. काय बघतायत इतका वेळ? सात फास, सुई शिरत नाही, उस

"एनेली!"

मी दार उघडते. टेबलावर ते काठाचं लांबच लांब पांढरं जाळं पसरलंय. डॉक्टर, पांढऱ्या मिशांचे, वाकून एका टोकावर बोट फिरवतायत. बोंडावरून बोंडावर. आत्या खुर्चीत ताठ बसलीय.

"ह्यांना सांग गं," ती म्हणते. "उलटं वाचतायत. डावीकडून बघितलं तर माझा हात सुधारत चाललाय."